कादंबरीतला सेनापती ‘वीस चाली पुढे’ असून भागत नाही

ऐतिहासिक कादंबऱ्या आणि अद्भुतकथा लिहिणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच काळ फिरतो आहे. शब्द बदलतात, कलमं तीच राहतात. कल्पित सेनापती रणनीतीचा महापंडित वाटायला हवा असेल तर म्हणे सहा गोष्टी पुरतात: शत्रूची प्रत्येक चाल त्याला आधीच कळावी, योजना फक्त त्याच्या डोक्यात असावी, मूठभर माणसांनिशी त्याने अफाट फौज बुडवावी, दाणावैरणीच्या हिशोबात लेखकाने पानं घालवू नयेत, प्रत्येक लढाई एका अफलातून युक्तीने फिरावी, आणि तो कधी हरू नये.

ही सहा कलमं पाळली की सेनापती होता तेवढाच राहतो आणि त्याचा शत्रू मात्र छोटा होतो. सेनापतीची बुद्धी दिसते ती निर्णयात: माहिती अपुरी, साधनं मोजकी, वेळ थोडा, अशा अवस्थेत त्याने काय निवडलं यात. म्हणून वाचकाला तीन गोष्टी कळायलाच हव्यात. त्या क्षणी त्याला काय माहीत होतं, त्याच्यापुढे कोणते पर्याय होते, आणि त्याने काय पणाला लावलं. खालची उदाहरणं बहुतेक खऱ्या मोहिमांतली आहेत, कारण कल्पित राज्यातही भूक, चिखल आणि अंतर यांचे नियम बदलत नाहीत.

‘शत्रूची प्रत्येक चाल त्याला आधीच कळते’

१९४४ च्या अखेरीस, दुसऱ्या महायुद्धात, ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचा प्रमुख विल्यम स्लिम याचा अंदाज होता की जपानी सेनापती किमुरा इरावती नदीच्या अलीकडे, श्वेबोच्या मैदानात लढायला उभा राहील. स्लिमकडे रणगाडे आणि विमानं होती. मोकळं मैदान त्याच्या सोयीचं होतं. किमुराने तसं केलं नाही. त्याने सैन्य नदीपलीकडे काढून घेतलं. अंदाज साफ चुकला, आणि स्लिमची खरी थोरवी इथून पुढे सुरू होते. डिसेंबरातच त्याने मोहीम नव्याने मांडली. एका कोअरने (काही डिव्हिजन मिळून झालेल्या मोठ्या तुकडीने) मंडालेच्या बाजूला नदी ओलांडायची, म्हणजे किमुराला सगळी चौदावी सेना तिथेच आहे असं वाटेल. दुसऱ्या कोअरने पश्चिमेकडून लांब वळसा घालून मैक्तिला गाठायचं, जिथे जपान्यांची कोठारं आणि विमानतळ होते. वळसा घालणाऱ्या कोअरने बिनतारी संदेश बंद ठेवले आणि जुन्या जागी खोटं मुख्यालय संदेश पाठवत राहिलं. मार्च १९४५ च्या पहिल्या आठवड्यात मैक्तिला पडलं.

आता हीच मोहीम ‘त्याला आधीच कळलं होतं’ या पद्धतीने लिहून पाहा. श्वेबोचा चुकलेला अंदाज गाळावा लागेल, आणि त्याबरोबर स्लिमच गाळला जाईल. चूक किती दिवसांत ओळखली, कोणत्या खबरीवरून ओळखली आणि नंतर काय मोडून काय नव्याने जोडलं, ही पानं वाचकाला सेनापतीजवळ नेतात.

भविष्य न कळताही शत्रूला कोंडीत धरता येतं. त्यासाठी एक कल्पित प्रसंग पूर्ण मांडून पाहू. मे महिन्याचा मध्य. घाटमाथ्यावर शत्रूचे १५,००० लोक, त्यांत ४,००० स्वार. त्यांना कोकणातला एक किल्ला घ्यायचा आहे. आपल्या सरदाराकडे ५,००० लोक. खाली उतरायला दोन वाटा. डावी दोन मुक्कामांची, अरुंद, पाण्याचं एकच तळं. उजवी सात मुक्कामांची, रुंद, गावोगावी कडब्याच्या गंजी. फिरत्या मजकुराप्रमाणे सरदार मिशीवर हात फिरवून म्हणेल, ‘तो डावीकडूनच येणार, मी त्याला ओळखतो.’ आणि शत्रू येईल.

खरा डाव असा लागेल. सरदार उजव्या वाटेवरच्या गंजी उचलून नेतो, उरतात त्या जाळतो. घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो दाणावैरण लागते, म्हणजे ४,००० घोड्यांना ४० टन. सात मुक्काम उपाशी घोडी चालणार नाहीत. डाव्या वाटेवरचं तळं तो भरलेलं ठेवतो. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाणी म्हणजे चार लाख लिटर. घोड्याला तीस लिटर आणि माणसाला सगळं धरून चार लिटर लावले तर शत्रूला रोज एक लाख ऐंशी हजार लिटर पाणी लागेल. तळं दोन दिवस पुरेल, तिसऱ्या दिवशी गाळ हाती येईल. शत्रूचा शहाणा सल्लागारही हाच हिशोब मांडेल आणि म्हणेल, डावीकडून जाऊ, दोन दिवसांत खाली. सरदाराची मुख्य तुकडी त्या वाटेवर आहे. शत्रू हट्टाने उजवीकडून गेला तर ५०० स्वार त्याच्या पिछाडीला चावे घेत राहतील आणि तो जूनच्या पावसात, हाडं दिसणाऱ्या घोड्यांनिशी पोहोचेल. माथ्यावरच बसून राहिला तर पावसाळा लागेल आणि किल्ला आपोआप चार महिने वाचेल.

सरदाराला शत्रूच्या मनातलं काहीच कळलेलं नाही. शत्रूच्या तिन्ही शहाण्या वाटा त्याने महाग करून ठेवल्या आहेत. वाचकाला गंजी, तळं आणि पंचांग आधीच दाखवलेलं असेल तर तो स्वतः हिशोब करत पुढे वाचतो.

‘योजना फक्त त्याच्या डोक्यात असावी’

या कलमात एक गोष्ट खरी आहे: वाचकापासून योजनेचा शेवट झाकून ठेवता येतो. पण ज्या वस्तुस्थितीवर योजना उभी आहे ती झाकली तर शेवटचा उलगडा उसना वाटतो. सहकाऱ्यांपासूनच योजना लपवणं ही तर सरळ कमजोरी आहे.

ट्रफाल्गरच्या सागरी लढाईआधी, सप्टेंबर १८०५ च्या अखेरीस, ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने आपल्या कप्तानांना जहाजावर जेवायला बोलावून योजना समजावली. ९ ऑक्टोबरला ती लेखी दिली. तिच्यात असंही होतं की निशाणं दिसली नाहीत किंवा कळली नाहीत, तर शत्रूच्या जहाजाला आपलं जहाज भिडवणाऱ्या कप्तानाचं फारसं चुकणार नाही. २१ ऑक्टोबरला लढाई ऐन रंगात असताना, दुपारी सव्वाच्या सुमारास नेल्सनला गोळी लागली. लढाई थांबली नाही, कारण योजना २७ जहाजांवर पोहोचलेली होती. ती एकाच डोक्यात असती तर त्या गोळीबरोबर संपली असती. उलट उदाहरण अमेरिकी यादवी युद्धातल्या स्टोनवॉल जॅक्सनचं. तो हाताखालच्या सेनानींनाही कुठे जायचं ते सांगत नसे. त्याचे विजय मोठे होते, पण कूच करताना तुकड्या एकमेकींत अडकणं आणि अधिकाऱ्यांशी तंटे होणं ही किंमत त्याला वारंवार मोजावी लागली.

कादंबरीत आज्ञा लिहिताना चार गोष्टी आल्या पाहिजेत: काय साधायचं, कोणी, केव्हापर्यंत, आणि नाही साधलं तर काय. चौथी गोष्ट बहुतेक कादंबऱ्यांत नसते. तीच लिहिली की सेनापतीची उंची एकदम वाढते, कारण आपण फसू शकतो हे त्याने धरलेलं दिसतं. खबर पोहोचायला लागणारा वेळही लिहा. एकटा स्वार दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो. टप्प्याटप्प्यावर ताजी घोडी ठेवली तर त्याच्या दुप्पट किंवा थोडं अधिक. म्हणजे दोनशे किलोमीटरवरच्या सरदाराला ‘आत्ता निघ’ असा हुकूम पाठवणाऱ्याला उत्तर कळायला तीन ते सहा दिवस लागतील. त्या दिवसांत काय घडेल याचा विचार न करणारा सेनापती कितीही गंभीर चेहऱ्याने नकाशाकडे बघत बसला तरी उपयोग नाही.

आणि योजना आधी सांगितली तर उत्कंठा मरते, हे म्हणणं महाभारतापुढे टिकत नाही. द्रोणाची योजना श्रोत्याला आधीपासून माहीत असते. दुर्योधनाला युधिष्ठिर जिवंत हवा आहे, अर्जुन जवळ असेपर्यंत ते होणार नाही, म्हणून त्रिगर्तांचे संशप्तक, म्हणजे जिंकू किंवा मरू अशी शपथ घेतलेले योद्धे, अर्जुनाला आव्हान देऊन दूर नेतात. तेराव्या दिवशीही अर्जुन तिकडेच गुंतलेला असतो, म्हणून चक्रव्यूह भेदायला अभिमन्यू उरतो. सगळ्यांना आठवतो तो व्यूहाचा आकार. पण रणनीती संशप्तकांत आहे: ज्या एका माणसामुळे बेत फसेल त्याला आधी रणांगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. त्या योजनेचं अपयशही व्यासांनी लपवलेलं नाही. युधिष्ठिर हाती लागत नाही, आणि अभिमन्यूच्या वधाने अर्जुनाची प्रतिज्ञा आणि दुसऱ्या दिवशीचा जयद्रथवध ओढवतो. एका दिवसाचं यश पुढच्या दिवसाचं नुकसान कसं होतं, हे इतक्या स्पष्ट मांडणीत क्वचित वाचायला मिळतं.

‘मूठभर माणसांनिशी अफाट फौज बुडवावी’

असं घडलेलं आहे. प्रश्न ‘कसं’ याचा आहे, आणि फिरता मजकूर तोच गाळतो.

१४ ऑक्टोबर १८०६ ला आउअरश्टेटला फ्रेंच मार्शल दावूकडे सुमारे २७,००० लोक होते, समोर प्रशियाची मुख्य फौज, दुपटीहून मोठी. नेपोलियन त्याच दिवशी काही कोसांवर येनाला लढत होता आणि मुख्य फौज आपल्यासमोरच आहे अशा समजुतीत होता. दावू जिंकला. सकाळचं धुकं होतं. प्रशियाच्या तुकड्या एकेक करून येत गेल्या आणि हासनहाउझन या एका गावाभोवती अडकल्या. त्यांचा सरसेनापती ब्रुन्सविकचा ड्यूक लवकर जबर जखमी झाला आणि नंतर हुकूम कोणी द्यायचे याचा गोंधळ झाला. राखीव फौज नीट वापरलीच गेली नाही. दावूच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या तीन डिव्हिजन एकामागून एक, योग्य वेळी, योग्य बगलेवर पोहोचल्या. तरीही त्याची सात हजारांच्या आसपास माणसं मेली वा जखमी झाली, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. हा आकडा नसता तर विजय परीकथा वाटला असता.

थोड्यांनी पुष्कळांना हरवायचं तर एका जागी, एका वेळी थोडे हे पुष्कळ झाले पाहिजेत. वरच्या घाटाकडे परत बघा. १५,००० माणसं दोनदोनच्या रांगेत निघाली तर ७,५०० ओळी होतात. ओळीमागे दीड मीटर धरला तरी रांग अकरा किलोमीटरच्या वर जाते. घोडी आणि बैल वेगळे. आघाडी कोकणात उतरली तरी पिछाडी माथ्यावरच. सरदाराने रांगेच्या मधल्या एका किलोमीटरवर ३,००० माणसं टाकली तर तिथे शत्रूचे जेमतेम तेराशे असतील. म्हणजे त्या जागी सरदाराचं सैन्य दुपटीहून मोठं आहे, आणि उरलेल्या शत्रूला मदतीला यायला वाट नाही.

फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज अशीच रानात, अरुंद वाटेवर अडकली. शिवाजीमहाराजांनी पुढची वाटही धरली आणि मागचीही. खान शरण आला, सामानसुमान टाकून परत गेला, आणि त्याला जाऊ दिलं गेलं. हा शेवटचा भाग लेखकांनी जरूर वापरावा. कोंडलेल्यांशी शेवटच्या माणसापर्यंत लढत राहिलं तर आपलीही माणसं जातात, आणि मोहिमेचा हेतू तर आधीच साधलेला असतो. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याच्याबद्दल वाचकाला आदर वाटतोच.

‘दाणावैरण आणि हिशोब गाळा, वाचक कंटाळतो’

या कलमाने जितक्या कादंबऱ्या बिघडवल्या तितक्या बाकीच्या पाचांनी मिळून बिघडवल्या नसतील. सैन्य कुठे जाऊ शकतं, किती दिवसांत जाऊ शकतं आणि तिथे किती दिवस उभं राहू शकतं, हे तिन्ही पोटावर ठरतं. तेच गाळलं तर सेनापतीपुढे निवड करण्यासारखं काही उरत नाही.

एक मध्यम फौज घेऊ: १०,००० पायदळ, ४,००० स्वार आणि त्यांच्याबरोबर खिदमतगार, खोगीर दुरुस्त करणारे, लोहार, बाजार, बायकापोरं मिळून आणखी १०,०००. माणशी एक किलो धान्य म्हणजे रोज २४ टन. घोड्यामागे साडेचार किलो हरभरा वा इतर दाणा म्हणजे १८ टन. एकूण ४२ टन दाणा रोज. वैरण वेगळी, ती वाटेत मिळवायची. वंजाऱ्यांच्या तांड्यातला एक बैल शंभर किलो वाहतो असं धरलं तर एका दिवसाला ४२० बैल, दहा दिवसांच्या शिध्याला ४,२०० बैल. बैल दिवसाला बारा-पंधरा किलोमीटर चालतो, कारण त्याला चरायला आणि रवंथ करायला तास लागतात. बैल हाकून पळवले तर चार दिवसांत त्यांचे खूर जातात आणि मग धान्य वाटेवरच राहतं.

आता त्याच फौजेची लांबी. पायदळ चारचारच्या ओळीत, ओळीमागे दोन मीटर: पाच किलोमीटर. स्वार दोनदोन, ओळीमागे चार मीटर: आठ किलोमीटर. ६०० गाड्या, गाडीमागे बारा मीटर: सात किलोमीटर. एकूण वीस. आणि बैलांच्या चालीने जाणाऱ्या या फौजेची दिवसाची मजल तेवढीही नाही. पहाटे आघाडी निघते तेव्हा पिछाडीच्या गाडीवाल्याने बैल जुंपलेलेही नसतात. तो निघतो तोवर दुपार होते आणि मुक्कामाला पोहोचतो तोवर रात्र. ‘सैन्य रातोरात तीस कोस गेलं’ असं लिहायचं असेल तर गाड्या, तोफा आणि बाजार मागे ठेवावे लागतील. मग तिसऱ्या दिवशी हे लोक काय खातील आणि तोफांवाचून तटाला काय करतील, हा प्रश्न सेनापतीने निघण्याआधी सोडवलेला दिसला पाहिजे. घोड्यांचंही तसंच. दिवसाला चाळीस किलोमीटर आठवडाभर काढले की पाठी सोलवटतात, नाल पडतात, आणि दहातलं एक-दोन घोडं चालवत न्यावं लागतं. पाठलागाची प्रकरणं लिहिणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

बाण आणि दारूगोळ्याचंही असंच. मध्ययुगीन इंग्रज तिरंदाजाच्या जुडग्यात २४ बाण असत. मिनिटाला सहा बाण सोडले तर चार मिनिटांत जुडगा रिकामा. दिवसभर ‘बाणांचा पाऊस’ पडत राहायचा तर मागे बाणांच्या गाड्या हव्यात आणि त्या पुढे आणणारी पोरं हवीत.

यात वाचक कंटाळेल ही भीती खोटी आहे. पानिपत घ्या. १७६० च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत दोन फौजा समोरासमोर बसून होत्या. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि दोआबातून येणाऱ्या रसदेची आशा संपली. भाऊसाहेबांबरोबर लढणाऱ्यांशिवाय न लढणारे लोक फार मोठ्या संख्येने होते. १४ जानेवारी १७६१ ला बाहेर पडण्याचा निर्णय उपाशी छावणीने घेतलेला होता. भुकेचा हिशोब काढून टाकला तर तो निर्णय वेडेपणा वाटेल. हिशोब मांडला की कळतं, दुसरा कोणताही दिवस आणखी वाईट ठरला असता. हे वाचताना कोण कंटाळतो?

आजाराचाही हिशोब रसदेतच येतो. स्लिमकडे परत जाऊ. १९४३ मध्ये त्याच्या आघाडीवर एका जखमीमागे १२० आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती, त्यांत हिवताप मोठा. मेपाक्रिनच्या गोळ्या होत्या, पण शिपाई त्या खात नव्हते. स्लिमने अचानक तपासण्या सुरू केल्या: तुकडीतल्या पंच्याण्णव टक्क्यांहून कमी माणसांनी गोळी घेतलेली आढळली तर तुकडीचा प्रमुख घरी. तीन प्रमुख घालवले, बाकीच्यांना समजलं. या प्रसंगात तलवार नाही, तोफ नाही. तरी तीन माणसांना काढून हजारो बंदुका आघाडीवर परत आणणारा सेनापती वाचकाच्या लक्षात राहतो, आणि पुढे तो मैक्तिलाचा वळसा घालतो तेव्हा त्याच्यावर विश्वास बसलेला असतो.

‘प्रत्येक लढाई एका अफलातून युक्तीने फिरावी’

एक युक्ती चालते ती शत्रू गाफील असेल तरच, आणि सतत गाफील असणाऱ्या शत्रूला हरवण्यात काय मोठेपणा?

२३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. ब्रिटिश सेनापती वेलस्लीकडे सुमारे ७,००० लोक. समोर शिंदे-भोसल्यांची कितीतरी मोठी फौज, तिच्यात शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालची कवायती पायदळं आणि शंभराच्या आसपास तोफा. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथे नदी ओलांडायला उतार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने विचार केला की इतकी जवळ, अशी समोरासमोर वसलेली गावं एकमेकांकडे येण्याजाण्याच्या वाटेवाचून असणार नाहीत. माणूस पाठवून पाहिलं, उतार होता. हे निरीक्षण इतकं साधं आहे की वाचक स्वतःवर चिडेल, आपल्याला कसं सुचलं नाही. कादंबरीतल्या हुशारीची पातळी अशीच असावी. माहिती सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, अर्थ एकालाच लागलेला.

पण असईची गोष्ट तिथे संपत नाही, आणि संपवूही नये. वेलस्लीचा कयास होता की पायदळ वळायच्या आत आपण बगलेवर तुटून पडू. पोलमनच्या पलटणींनी त्याच्या डोळ्यांदेखत तोंड फिरवलं आणि केळणा व जुई या नद्यांच्या मध्ये तोफांसकट नवी फळी उभी केली. शिंद्यांच्या कवायती फौजेचं शिक्षण किती पक्कं होतं ते त्या अर्ध्या तासात दिसलं. नंतर वेलस्लीच्या उजव्या बगलेवरची तुकडी भलतीच असई गावाकडे सरकली आणि तोफांच्या तोंडी सापडली. घोडदळ घालून ती सोडवावी लागली. ताब्यात आलेल्या तोफांपाशी मेल्यासारखे पडलेले गोलंदाज उठून पुन्हा मागून मारा करू लागले. वेलस्ली जिंकला, पण त्याची दीड हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जखमी झाली. उतार शोधण्याच्या हुशारीने त्याला लढाईच्या दारापर्यंत आणलं. पुढचं सगळं शिस्त, चुका आणि चुका सावरणं यांवर गेलं.

शत्रू तुल्यबळ लिहिण्याची एक कामाची पद्धत आहे. नायकाची मसलत लिहिण्याआधी शत्रूच्या तंबूतली मसलत लिहायची, आणि तो प्रसंग कादंबरीत घ्यायचा नसला तरी लिहायचा. त्याचं उद्दिष्ट, त्याची भीती, त्याच्याकडच्या खबरा, त्याची सगळ्यात शहाणी चाल. पुरंदरच्या मोहिमेतला मिर्झाराजा जयसिंग असाच लिहावा लागतो. त्याने १६६५ मध्ये पुरंदरला एकदम हात घातला नाही. आधी शेजारचा वज्रगड घेतला, कारण तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा चालतात. त्याच वेळी आसपासच्या मुलखात स्वार सोडून गावं जाळली, म्हणजे किल्ल्याला बाहेरून दाणा मिळू नये आणि महाराजांना मुलूख सांभाळायला फौज वाटून ठेवावी लागावी. हा शत्रू वाचताना पोटात गोळा येतो.

‘तो कधी हरत नाही’

कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ.स.पू. २१६ मध्ये इटलीत कॅनीला रोमनांविरुद्ध जिंकला. लष्करी शाळांत ती लढाई आजही शिकवतात. युद्ध मात्र तो हरला, कारण रोमने तह करायला नकार दिला आणि नवी सैन्यं उभी करत राहिलं. लढाया जिंकणारा आणि युद्ध जिंकणारा यांतला हा फरक कल्पित सेनापतीच्या बाबतीतही वाचकाला जाणवतो. म्हणून प्रत्येक लढाईआधी लिहून ठेवावं की ही जिंकली तर शत्रूला नेमकं काय करणं अशक्य होणार आहे. उत्तर सापडत नसेल तर ते प्रकरण नुसता देखावा आहे.

बाजीराव पेशव्यांची पालखेडची मोहीम इथे वाचण्यासारखी आहे. १७२७-२८ मध्ये निजाम पुण्यावर चालून आला. शाहू महाराजांना पुरंदरचा आसरा घ्यावा लागला. बाजीराव पुण्याच्या रक्षणाला धावले नाहीत. ते निजामाच्या मुलखात आणि पुढे खानदेश-गुजरातकडे फिरत राहिले आणि मग औरंगाबादेला धोका निर्माण केला. निजामाला पुणं सोडून परत फिरावं लागलं. घाईत त्याचा जड तोफखाना मागे पडला, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ पाणी व दाणा तुटलेल्या अवस्थेत तो वेढला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. या मोहिमेचं मर्म वेगात शोधतात. वेग होताच. पण त्याहून अवघड गोष्ट ही की पुणं काही काळ शत्रूच्या हाती राहील आणि छत्रपतींवर संकट येईल, हे समजून उमजून सोसलं गेलं. घरून काकुळतीची पत्रं येत असताना पुढे जाणारा सेनापती लिहायला लेखकाला धीर लागतो.

आणि खरा पराभवही लिहावा. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांनी २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. उरले १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. एखादा कादंबरीकार हे प्रकरण चार ओळींत उरकून आग्र्याकडे वळेल. पण रणनीती इथेच शिकायला मिळते. मुरारबाजी पडले होते, पुरंदर जाणारच होता, आणखी महिनाभर लढून मिळणार होती ती फक्त आणखी माणसांची राख. तह लवकर केल्याने राजगड, तोरणा, रायगड हा गाभा हातात राहिला, सैन्य राहिलं, आणि माणसांचा भरवसा राहिला. १६७० मध्ये फेब्रुवारीत सिंहगड परत आला आणि पाठोपाठ पुरंदर. कल्पित सेनापतीचा पराभव लिहिताना याच क्रमाने टिपण करावं: काय गेलं, काय मुद्दाम राखलं, आणि राखलेल्यातून पहिल्यांदा काय परत घेता येईल.